सैल बूच

कीर्तन ऐन रंगात आलं होतं, आणि कालिंदीला मात्र गारगोटीच्या त्या देवळाच्या पडवीतलं एक भांडं खुपत होतं. लांब मानेचं, बूच सैल, फटीतून पांढरी वाफ. उघडं भांडं पाहून तिचे हात कधी स्वस्थ बसलेच नव्हते. लोणच्याच्या बरणीसारखा ओला दादरा तिनं त्यावर आवळला, सुतळीनं करकचून बांधला, आणि पुन्हा कीर्तन करणाऱ्या वडिलांच्या, दादांच्या मागं झांजा धरून उभी राहिली.

आरती झाली. एक तरुण पडवीत आला अन् जागीच थबकला.

"हे... कुणी बांधलं?"

"मी. उतू जात होतं की, पावणं."

"अहो, दूध न्हाय ते. नायट्रोजन हाय."

तो तरुण म्हणजे नृसिंह, नेसरीचा, दूध संघाचा माणूस. जातिवंत रेड्यांचं बीज त्या पातळ नायट्रोजनच्या थंडीत जपत गावोगाव म्हशी फळवायला न्यायचा. कोंडलेला वायू भांडं फोडणार, बीज जाणार, मागोमाग नोकरीही. गाठ सुटेना — दादरा दगडासारखा गोठलेला. कालिंदीनं धावत कोमट पाणी आणलं. ती धार धरी, तो गाठ सोडवी. बोटं भिडत होती... मागं कुणीच घेत नव्हतं. फुस्स करून वाफ सुटली, तसा दोघांनीही श्वास सोडला.

रागावेल म्हणून ती मान खाली घालून उभी, तर तो समजावायला बसला. कोल्हापूरला यंत्र हवा दाबतं, दाबून तापलेली निववतं, मग सैल सोडतं. सुटताना ती गारठते. पुन्हा पुन्हा असं केलं की हवेचंच पाणी होतं, आणि त्यातूनच हा नायट्रोजन वेगळा काढतात.

"मग वाफ का?"

"थोडं उडून जातं, जाताना ऊब घेऊन जातं. म्हणून बाकीचं गार ऱ्हातं. तोंड बांधायचं न्हाय त्याचं."

मग दर गुरुवारी तो कीर्तनाला येऊ लागला. "बूच सैल हाय न्हवं?" ती विचारी. "तुमच्या भ्यानं सैलच हाय," तो म्हणे.

तेवढ्यात शाहूपुरीच्या एका दुकानदाराचं स्थळ आलं. दादा होकार कळवणार होते, कालिंदी गप्प. त्या गुरुवारी ती भांड्यातून उडणारी वाफ बघत राहिली... आणि उठून थेट दादांपुढे गेली.

"दादा, शाहूपुरीला नाही म्हणून कळवा. मला नेसरीला जायचंय."

दादांनी वीणा खाली ठेवली. "गुरुवारच्याच कीर्तनात तुझ्या झांजा चुकतात, पोरी. कधी बोलतेस, याचीच वाट बघत होतो."

ती पडवीत परतली. डोळे भरलेले, ओठांवर हसू.

"काय झालं?" नृसिंह घाबरलाच.

"बूच सैल केलं मी."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग दोघं गाभाऱ्यापुढं वाकले. मागायचं काही उरलंच नव्हतं. नुसते हात जोडले.