झिजवलेला वीर

ही ऐकीव गोष्ट नाही. कडा गावात गेल्या शिमग्याला घडली, आणि तीही रात्री नाही... भरदुपारी, रस्त्यावर माणसं असताना. कुणाला थट्टा करायची असेल तर खुशाल करा.

गहिनीनाथचा धंदा जुन्या पितळी मूर्तींचा. घोडेस्वार, शिपाई, खंडोबा, काहीही आणा. तो मूर्ती हातात जोखायचा, उलटी करून ओतकाम बघायचा आणि शेवटी तिच्या तोंडावरून अंगठा फिरवायचा. पिढ्यान्‌पिढ्या हळद-पाण्याने धुतलेल्या मूर्तीचे नाक-डोळे झिजतात. जितकी झीज, तितकी किंमत. यात त्याला कुणी फसवू शकत नव्हतं. तो मात्र कुणालाही फसवायचा.

दसऱ्यानंतर छबुबाई आली. ऊसतोडीला निघालेली. पदराखाली पितळी घोडेस्वार.

तिचा तरणा मुलगा सोमेश्वर उसाच्या ट्रॉलीखाली गेला होता. असं अवेळी गेलेल्या पोराचा 'वीर' ओतून घेतात, देवघरात बसवतात आणि शिमग्याला अंघोळ घालून वाजतगाजत मिरवतात.

"घोड्याचा पाय मोडलाय, भाऊ. जोडून ठिवा. लेकरू हाय माझं ते. होळीला न्यायला येते."

"निर्धास्त जा, अक्का."

वीर नवाच होता. पण ओतकाम इतकं देखणं की पुण्याच्या एका व्यापाऱ्याने फोटो बघूनच मागणी घातली. अट एकच. मूर्ती जुनी पाहिजे.

गहिनीनाथने चिंच आणि विटेचा भुगा घेतला आणि वीराचं तोंड घासायला बसला.

खर्र... खर्र...

संध्याकाळपर्यंत नाक गेलं, डोळे गेले. मूर्ती पणजोबांच्या काळातली दिसू लागली.

वीर पुण्याला गेला. छबुबाईसाठी त्याने तसलाच दुसरा आणून ठेवला. अडाणी बाईला काय कळतंय, असं त्याचं म्हणणं.

मग एका सकाळी त्याचा एकुलता एक मुलगा आदिनाथ वैतागून म्हणाला, "आबा, मोबाईल माझं तोंडच वळखंना."

गहिनीनाथ हसला.

पोलीस भरतीला गेलेला आदिनाथ मैदानाच्या दारातूनच परत आला. कार्डावरचा फोटो त्याचा नाही म्हणे.

घरचं कुत्रं त्याच्यावर गुरगुरू लागलं.

आणि दुपारी तो झोपला की त्याच्या खोलीतून आवाज यायचा...

खर्र... खर्र...

आत जाऊन बघावं तर काहीच नाही. पोरगा भिंतीकडे तोंड करून झोपलेला.

आता गहिनीनाथला छबुबाईचा वीर आठवला. वीर परत द्या म्हणून त्याने पुण्याला फोनवर फोन लावले, गयावया केली. पण मूर्ती पुढे विकली गेली होती. कुठे, ते व्यापारी सांगेना.

शिमग्याच्या आदल्या दिवशी बायको रोहिणी पोटच्या पोराला वाढता वाढता थांबली. "लेकरा, तू कुणाचा रं?"

आदिनाथ ढसाढसा रडला. गहिनीनाथने त्याला उराशी धरलं. "माझा हायेस तू. माझाच." असं म्हणत त्याने पोराच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याचे हात सैल पडले.

नाक होतं, डोळे होते. पण हा चेहरा त्याने कधी पाहिलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी छबुबाई आली. त्याने बदली वीर पुढे केला. तिने हातही लावला नाही.

"ह्यो माझा न्हाई."

तेवढ्यात आदिनाथ आतून बाहेर आला.

बाई बघतच राहिली. मग तिने त्याचा गाल कुरवाळला.

"सोमा..."

"लई उशीर केलास, माय."

तो आवाज आदिनाथचा नव्हता.

दोघं रस्त्याने चालू लागली. पोरगा माझा आहे असं ओरडायला गहिनीनाथने तोंड उघडलं... पण हाक मारायला त्याला नावच आठवेना.

"कोण आलतं?" रोहिणीने आतून विचारलं.

"गिऱ्हाईक," तो म्हणाला.

छबुबाईच्या गावी जाऊन विचारायची हिंमत आजवर कुणाला झालेली नाही. आदिनाथचं नाव गल्लीत आम्हा सगळ्यांना आठवतं. तो दिसायला कसा होता, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही.

मलाही नाही... आणि मी त्याचा सख्खा चुलतभाऊ. एका ताटात जेवून आम्ही मोठे झालो.