सहा कडांची चकती

औषधांच्या त्या कारखान्यात स्फटिक विभाग सगळ्यांत निवांत. इतर विभागांत काही ना काही उकळत असे, फसफसत असे, नाकात जात असे. इथे द्रावण थंड व्हायची वाट बघायची, बस्स. ताईंना वाट बघता येत होती, म्हणून सव्वीस वर्षं त्या विभागाच्या प्रमुख होत्या. नवी केमिस्ट मंडळी दर दोन मिनिटांनी काचपात्रात डोकवायची. ताई मात्र खुर्चीत बसून स्वेटर विणायच्या आणि नेमक्या वेळी म्हणायच्या, "आता बघा." बघावं तर तळाशी पांढराशुभ्र, लोकरीसारखा थर धरलेला असायचा.

हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवणाऱ्या एका गोळीतलं ते औषध. त्याचे स्फटिक सुईसारखे, केसाहून बारीक. द्रावण गार होत आलं की आधीच्या बॅचमधली चिमूटभर सुया त्यात टाकायच्या. त्यांचं बघून नवे स्फटिकही तसेच वाढतात. विभागात त्या चिमटीला सगळे विरजण म्हणत. ताईंचे यजमान हीच गोळी अकरा वर्षं घेत होते. घड्याळं दुरुस्त करायचं त्यांचं छोटं दुकान होतं. "बायकोच्या हातचं खाऊन जगतोय," असं ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे, आणि ते अगदी खरं होतं.

एका मंगळवारी सकाळी धाकट्या केमिस्टनं सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. "ताई, सुया नाहीत."

"मग काय आहेत? दाभण?"

"चकत्या आहेत. सहा कडांच्या."

ताईंनी स्वतः पाहिलं. चपट्या, नितळ, एकसारख्या मापाच्या चकत्या होत्या. दिसायला देखण्याच म्हणायच्या. त्यांनी चमचाभर चकत्या पाण्यात टाकून ढवळल्या. सुया दोन मिनिटांत विरघळायच्या. चकत्या अर्ध्या तासानंही तळाशी जशाच्या तशा पडून होत्या. पोटात गेल्या तरी त्या अशाच पडून राहणार. अशी गोळी खाणं आणि खडू खाणं सारखंच.

"घाबरू नका, असं होतं," ताई म्हणाल्या. "एकाच पदार्थाची रचना दोन तऱ्हांनी होऊ शकते. जास्त पक्की रचना एकदा जन्माला आली की तिचा कण धुळीतून, कपड्यांवरून, केसांतून सगळीकडे पोचतो. हे न दिसणारं विरजण आहे. घासून काढू."

तीन दिवस सगळ्यांनी घासलं. भिंती पुसल्या, जाळ्या बदलल्या, सगळ्यांचे कोट नवे आले. चौथ्या दिवशी द्रावण थंड झालं आणि तळाशी पुन्हा चकत्या. ताईंनी जुन्या विरजणाची बाटली कपाटातून काढली. ती कोरडी ठक्क होती आणि सहा महिन्यांत कुणी तिचं बूचही काढलं नव्हतं. आत चकत्याच होत्या.

"द्रावणाशिवाय?" धाकटीनं विचारलं.

"दमट हवा लागली असेल," ताई म्हणाल्या. त्यांचं स्वतःचंच समाधान झालं नव्हतं, हे धाकटीच्या लक्षात आलं.

मग समुद्रापलीकडच्या एका कारखान्यातून सुया मागवल्या. त्या काचेच्या नळ्यांमध्ये भरून नळ्यांची तोंडं वितळवून बंद केलेली होती. इथला धुळीचा कण आत जाणं शक्यच नव्हतं. धाकटीनं काचेतूनच भिंग लावून पाहिलं: सुया. ताईंनी एक नळी टेबलावर आडवी ठेवली आणि चहा येईपर्यंत नोंदी लिहीत बसल्या.

चहा पिऊन झाल्यावर त्यांनी नळी उचलली. खुर्चीकडच्या टोकाला चकत्या झाल्या होत्या. दुसऱ्या टोकाला अजून सुया होत्या. मधली सीमा पट्टीनं आखावी इतकी सरळ होती.

ताईंनी खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवली आणि बसल्या. तासाभरानं नळीत एकही सुई उरली नव्हती.

दुसरी नळी धाकटीच्या हाती कोठारात ठेवली. रात्र गेली, सुया सुखरूप. सकाळी ताई कोठाराच्या बंद दाराबाहेर तासभर उभ्या राहिल्या. आत चकत्या झाल्या.

"म्हणजे धुळीचा दोष नाही," त्या म्हणाल्या.

"मग कुणाचा?"

"माझा." पाणी शंभर अंशांना उकळतं हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "कारण कळत नाही, ते कळेल तेव्हा कळेल. अंतर तर मोजता येतं ना? मोजू."

अंतर वीस पावलं भरलं. त्यापलीकडे काही होत नव्हतं. ताईंनी स्वतःची खुर्ची उचलली, कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेली आणि धाकटीला फोनवरून एक बॅच करायला लावली. संध्याकाळी धाकटीचा फोन आला. ती आनंदानं जवळजवळ ओरडलीच. "सुया, ताई! सगळ्या सुया!"

ताई हसल्या. आणि हसता हसताच त्यांना घरचं गोळ्यांचं कपाट आठवलं. त्यांनी घरी फोन लावला.

"अहो, दुकानातलं भिंग आणा, कपाटातल्या आणि दुकानातल्या गोळ्या फोडा आणि आत काय दिसतं ते सांगा."

यजमान चक्रम प्रश्नांना सरावलेले होते. थोड्या वेळानं म्हणाले, "कपाटातल्या पाकिटांत चपटं काहीतरी चमकतंय. दुकानातल्या पाकिटांत सुया आहेत."

"कपाटातली फेकून द्या. दुकानातली घ्या, दोन महिने पुरतील. मी काही दिवस कारखान्याच्या पाहुण्यांच्या खोलीत राहते."

"भांडलो का आपण?"

"नाही हो. तुम्ही जगावं म्हणून राहते."

दुकानातल्या पाकिटांत सुया होत्या आणि ताई घरी जाणार नव्हत्या. हिशेब चोख होता. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

यजमान रोज दुपारी गोळी फोडून बघत आणि फोनवर सांगत, "सुया." असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी ताईंचे धुतलेले कपडे घेऊन ते कारखान्याच्या फाटकाशी आले. ऊन रणरणत होतं.

"गोळी खिशात नाही ना?" ताईंनी आधी विचारलं.

"घरीच आहे. ये आता जवळ."

ताई जवळ गेल्या. नऊ दिवसांची हुरहूर क्षणात निवली. "कसं वाटतंय?"

"झकास. धडधड नाही, घाबरं होणं नाही. आत कसं शांत शांत वाटतं. घड्याळांचा आवाजसुद्धा पहिल्यापेक्षा स्वच्छ ऐकू येतो."

त्यांच्या कानशिलावर घाम वाळून पांढरी चकाकी उरली होती. मीठ, ताईंना वाटलं. पण सवय वाईट. त्यांनी बोटाच्या टोकावर एक कण घेतला आणि यजमानांच्या खिशातलं भिंग डोळ्याला लावलं.

मिठाचा कण चौकोनी असतो.

ह्याला सहा कडा होत्या.

कपाटातल्या सगळ्या गोळ्यांचा त्यांनी विचार केला होता. अकरा वर्षांत गिळलेल्या गोळ्यांचा केला नव्हता. यजमानांच्या अंगात त्या रोज रात्री ताईंच्या शेजारीच झोपत होत्या.

त्यांनी यजमानांचं मनगट धरलं. बोटांना टिकटिक लागली, बारीक, एकसारखी. ताईंनी श्वास सोडला.

मग म्हणाल्या, "घड्याळ काढा."

"का गं?" असं हसत म्हणत त्यांनी पट्टा सोडवला आणि घड्याळ कपड्यांच्या पिशवीत टाकलं. निळा स्वेटर आणलाय, त्याची एक बाही अर्धीच राहिली आहे, असं काहीबाही ते सांगत होते.

बोटांखाली ठोका शोधत ताई मनगट धरून उभ्या राहिल्या. वाट बघणं त्यांना येत होतं.