न उघडलेल्या आठवणी

मंगळावरच्या तीन वसाहतींना मिळून एकच सर्व्हर होता, आणि तो निरुपमा टिपणीसच्या ताब्यात होता. माणसाचं शरीर आपल्या वसाहतीत निजून राही. त्याच्या मनाची प्रत, म्हणजे ‘फिरती ओळख’, दूरच्या वसाहतीतल्या यंत्रदेहात उतरे. काम आटोपलं की ती नव्या अनुभवांसह सर्व्हरवर परते आणि जागं होताना मेंदूवर तीच लिहिली जाई.

ओळखी फुगत चालल्या होत्या. चार मिनिटांत उतरणाऱ्या माणसाला आता पाऊण तास लागे. निरुपमाने काही ओळखी उघडून पाहिल्या आणि तिला शिसारी आली. शाळेतले अपमान, भांडणात वेळेवर न सुचलेली उत्तरं, कुठल्याशा मावशीच्या लग्नातली जिलबी. एवढा कचरा डोक्यात घेऊन ही माणसं खडक फोडायला निघतात! सर्वांत लठ्ठ ओळख भूगर्भतज्ज्ञ भार्गव सुर्वे यांची होती. ते जेवणाच्या टेबलावर रोज तेच ते जुने किस्से सांगत. तिची स्वतःची ओळख तिन्ही वसाहतींत सर्वांत सडपातळ होती, याचा तिला अभिमान होता.

तिने नियम केला: जी आठवण पाच वर्षांत एकदाही उघडली नाही, ती सर्व्हरवरून कायमची पुसायची. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. यास्मिन मुलाणींनी हरकत घेतली.

“विसरणं वेगळं आणि न उघडणं वेगळं,” त्या म्हणाल्या.

“सर्व्हरला दोन्ही सारखंच,” निरुपमा म्हणाली. डॉक्टरांनाही सामान जपायची खोड असणार, असं तिला वाटलं.

आठवड्याभरात ओळखी निम्म्यावर आल्या. सुर्व्यांची मात्र जवळपास तेवढीच राहिली; ते सगळंच रोज उगाळत असल्यामुळे पुसायला काही सापडेना. निरुपमाने नाक मुरडलं.

तीन महिन्यांनी ती यंत्रदेहाने उत्तर वसाहतीत गेली असताना दुपारी घुमटाला तडा गेला. आत बारा माणसं हाडामांसाची होती. भोंगा वाजला, हवा सुटू लागली, दारं आपोआप मिटेनात, आणि चाळीस यंत्रदेह एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले. असा अपघात सहा वर्षांत झालाच नव्हता. तेव्हा काय करायचं असतं, हे कुणी पाच वर्षांत आठवलं नव्हतं. निरुपमालाही काही सुचेना. त्या मठ्ठ चेहऱ्यांचा तिला संताप आला.

त्यांतले फक्त सुर्वे धावले. त्यांनी भाजीच्या वाफ्याखालची फरशी उचकटली आणि आतलं लोखंडी चाक उलटं फिरवलं. दारं घसरत मिटली. बाराही जण वाचले.

“चाक उलटं फिरवायचं, हे तुम्हाला कसं ठाऊक?” तिने जवळजवळ आरोपच केला.

सुर्व्यांनी हात झटकले. “मागच्या वेळी अभिरामने असंच फिरवलं होतं. आपण दोघं दाराच्या अलीकडे होतो. तो पलीकडे राहिला.”

“अभिराम कोण?”

सुर्वे तिच्याकडे वळले.

“तुमचा धाकटा भाऊ, टिपणीसबाई,” ते हळूच म्हणाले. “त्या दिवसानंतर तुम्ही त्याचं नाव कधी घेतलं नाहीत.”