खिडकीजवळच्या खुर्चीपुढचा डाग

"घर मी सोडतेच आहे," ती म्हणाली. "पण हा डाग माझ्या नावावर ठेवून नाही सोडणार."

बाईंनी चष्मा सारखा केला. बाई खासगी तपासाची कामं घेत आणि सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणत. शेजारच्या स्टुलावर कंपाउंडर बसले होते. दवाखान्यातली नोकरी संपली, बायको गेली, तेव्हापासून ते बाईंची बॅग धरत. गोष्टी त्यांना जरा उशिराच कळत. हे त्यांनाही मान्य होतं.

"कसला डाग? रक्ताचा?" त्यांनी विचारलं.

"पाण्याचा. टेबलावर."

कंपाउंडरांना हसू येणार होतं, पण बाई हसल्या नाहीत. "पहिल्यापासून सांग," त्या म्हणाल्या.

जेवणाचं टेबल तिच्या सासूबाईंचं होतं. त्यांनी ते स्वतः घासून, पॉलिश करून जिवापाड जपलं होतं. बुचाचे सहा गोल कोस्टर होते. कोस्टरशिवाय ग्लास किंवा कप टेकवायची घरात कुणाची छाती नव्हती. गेल्या वर्षी त्या वारल्या. सासऱ्यांनी नियम तसाच चालू ठेवला. पाच कोस्टर स्टँडमध्ये, सहावा सासूबाईंच्या जागेवर. त्याला कुणी हात लावायचा नाही.

"मी लावला. मळका दिसत होता, म्हटलं पुसावा. उचलला, तर खाली हा पांढरा डाग! तेवढ्यात बाबा आले. म्हणाले, 'नुसता ग्लास ठेवलास आणि वर कोस्टर ठेवून झाकलंस.' मी नाही म्हटलं. मग शब्दाला शब्द वाढला. शेवटी म्हणाले, 'तिची किंमत नसेल तर वेगळे राहा.' आम्ही खोली बघितली. रविवारी जातोय."

"मग ते एकटेच राहणार?"

"गॅसवर दूध उतू गेलेलं कळत नाही हो त्यांना," ती म्हणाली.

संध्याकाळी बाई आणि कंपाउंडर तिच्या घरी गेले. सासऱ्यांनी दार उघडलं ते कपाळाला आठ्या घालूनच. "टेबलासाठी डिटेक्टिव्ह! उद्या चमचा वाकला तर पोलीस बोलवाल."

"चमच्याचंही बघू," बाई म्हणाल्या. "आधी डाग दाखवा."

खिडकीजवळची खुर्ची सासूबाईंची. तिच्यासमोर, चकचकीत पॉलिशमध्ये, बशीएवढा पांढुरका डाग होता. मधे कुठे मोकळा नाही, सगळा भरलेला. बाईंनी स्वयंपाकघरातून घरातले सगळे ग्लास आणि कप मागवले आणि एकेक डागावर ठेवून पाहिला. बापाच्या बुटात पोराचा पाय दिसावा तसा प्रत्येक ग्लास आत बसला. सगळीकडून डाग उरत होता.

"हं," बाई म्हणाल्या.

"काय हं?" कंपाउंडरांनी हळूच विचारलं.

"ग्लास लहान आहेत."

"ते दिसतंय की!"

"मग झालं."

स्टँडमधले पाच कोस्टर टेबलावर सपाट बसले. सहावा बसेना. बोट लावलं की डुलायचा. कंपाउंडरांनी तो नाकाशी नेला. दवाखान्यात ओल्या बुचांच्या बाटल्या त्यांनी पुष्कळ हुंगल्या होत्या. "कोंदट वास येतोय," ते म्हणाले.

बाई खिडकीशी गेल्या. कट्ट्याचा रंग उन्हाने उडाला होता, फक्त सहा गोल जागी मूळचा गडद रंग शिल्लक होता. कोपऱ्यात एक कुंडी होती, हिरवीगार.

"इथे काय असायचं?"

"ती काहीतरी ठेवायची. दिवसा मी कामावर असायचो," सासरे म्हणाले.

"आणि झाड?"

"आईंचंच," सून म्हणाली. "आम्ही कुणी पाणी घालत नाही. लाज वाटते सांगायला. पण चिवट आहे, जगलंय."

बाईंनी मातीत बोट घातलं आणि रुमालाला पुसलं.

मग एकेकाला विचारणं झालं. मुलगा पहिला. तो दाराला टेकूनच उभा राहिला.

"मी टेबलावर काही पीतच नाही. चहा ओट्याशी उभ्याउभ्या. आईचा ओरडा कोण खाणार!"

"पाणी?"

"माठातलं. फ्रीजचं हिलाच लागतं. रोज सकाळी बाटली अर्धी झालेली असते."

"मला?" सून उसळली. "मी झाकणाच्या बाटलीतलं कोमट पिते, अख्ख्या ऑफिसला माहीत आहे. मला तर वाटायचं तुम्हीच पिता. रोज सकाळी एक ग्लास धुऊन पालथा घातलेला असतो."

"मी आणि ग्लास धुणार?"

"तेही खरंच म्हणा."

शेजारचे घड्याळजी रोज संध्याकाळी बुद्धिबळाला येत. ते घाईघाईने म्हणाले, "मी समोरच्या खुर्चीत बसतो. चहा, तोही कोस्टरवर. वहिनींचा धाक अजून आहे. 'कोस्टर!' म्हणून आतून आवाज यायचा. मात्र एक होतं, आम्ही उठलो की कोस्टर त्याच गोळा करायच्या. आमच्यावर सोडायच्या नाहीत."

शेवटी सासरे. "मी सकाळी चहा घेतो, माझ्या जागेवर. थंड पाणी मला चालत नाही, दात ठणकतात. तिला मात्र थंडीतही फ्रीजचंच लागायचं. झालं समाधान?"

"झालं," बाई म्हणाल्या. "सगळे बसा. ती खुर्ची तेवढी मोकळी राहू द्या."

सगळे बसले. बाईंनी सहावा कोस्टर हातात घेतला.

"कोस्टर न वापरल्यामुळे हा डाग पडलेला नाही. कोस्टर वापरल्यामुळे पडलाय."

सासरे काही बोलणार होते. बाईंनी हात वर केला.

"ओल्या ग्लासाने पडतं ते त्याच्या बुडाएवढं कडं. घरातला कुठलाच ग्लास या डागाएवढा नाही." त्यांनी कोस्टर डागावर ठेवला. डाग पुरता झाकला गेला, कडेला कडा लागली. "हे आहे माप. थंड पाण्याचा ग्लास बाहेरून ओला होतो. ते पाणी बूच पितं. एकदा प्यायलं तर वाळतं. पण रोज प्यायलं आणि कुणी उचलून वाळवलंच नाही, तर ती ओल खाली पॉलिशमध्ये कोंडते. म्हणून हा वाकलाय, म्हणून वास. हे एका ग्लासाचं काम नव्हे, महिनोन्‌महिने चाललंय."

"पण आईच्या वेळी कधी डाग पडला नाही!" मुलगा म्हणाला.

"कट्टा बघा. सहा गोल. त्या रोज सगळे कोस्टर गोळा करून उन्हात वाळवायच्या. नियमाचे दोन भाग होते. अर्धा त्या मोठ्याने सांगायच्या, अर्धा गुपचूप स्वतः करायच्या. तुम्हा सगळ्यांना ऐकू आला तेवढाच पाळलात."

बाईंनी कोस्टर खाली ठेवला आणि कुंडीकडे बोट दाखवलं.

"आता ग्लास कुणाचा? रोज पहाटे फ्रीजची बाटली अर्धी होते. एक ग्लास धुतला जातो. ज्याला कुणी पाणी घालत नाही त्या झाडाची माती ओली असते. म्हणजे पाणी ओतलं जातं, पण कुणी पीत नाही. तुम्ही सगळे उठायच्या आत." बाई थांबल्या. "कोण, तेही मला माहीत आहे. पण न पिणारा माणूस रोज ग्लास का भरतो, ते मला नीट सांगता येणार नाही."

"मला येईल," कंपाउंडर म्हणाले.

बाईंनी चमकून पाहिलं. कंपाउंडर टेबलाकडेच बघत होते. "समोर ग्लास भरलेला असला की चहा एकट्याने प्यायल्यासारखा वाटत नाही. मी दोन कप मांडतो. अजून."

मग सासरे म्हणाले, "मीच ठेवतो. ती उठली की आधी पाणी मागायची. तुम्ही उठायच्या आत आवरून टाकतो. म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणाल." त्यांनी डागावरून तळवा फिरवला. "तिचं टेबल मीच खराब केलं. आणि बोललो हिला."

"पांढरा आहे, म्हणजे ओल अजून पॉलिशमध्येच आहे, लाकडात गेलेली नाही," बाई म्हणाल्या. "पॉलिशवाला काढून देईल."

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "हे आधी सांगितलं असतंत, तर मी भांडले असते का?"

"खोली बघितलीत ना तुम्ही?"

"बघितली. अंधारी आहे. घरमालक खडूस आहे." तिने डोळे पुसले. "उद्यापासून ग्लास मी भरून ठेवते. लपवायचं काही कारण नाही. कोस्टर मात्र तुम्ही उचलायचा."

"आणि दुपारी उन्हात," मुलगा म्हणाला.

"तू गप. तू निदान ग्लास धुवायला शीक," सासरे म्हणाले. आवाज घोगरा होता, पण त्यात पूर्वीची जरब थोडी परत आली होती.

ते उठले. सहावा कोस्टर उचलून खिडकीशी गेले आणि कट्ट्यावरच्या शेवटच्या गडद गोलावर त्यांनी तो ठेवला. बरोबर बसला. वाकलेला होता, म्हणून जरा वेळ डुलत राहिला.