दोघांना पटेल अशी बातमी

सगळ्यांसाठी एकच बातमी, ही गोष्ट तोवर बंद झाली होती. प्रत्येकाच्या आवडी, राग, भीती यांवरून त्याची 'वाचकछाप' बनलेली असे आणि बातमी मागितल्या क्षणी, त्याच्यापुरती लिहिली जाई. म्हणून भालचंद्र नाडकर कारखान्यातल्या वायुगळतीत गेले, तेव्हा त्यांच्या दोन मुलांनी दोन बातम्या वाचल्या. थोरला निरंजन कारखान्याच्याच कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात होता. त्याच्या बातमीत नाडकरांनी व्हॉल्व्ह उघडा ठेवला होता. धाकट्या वैजयंतीच्या बातमीत कंपनीने गंजलेला व्हॉल्व्ह बदललाच नव्हता. तेराव्यालाच दोघांचं वाजलं आणि बोलणं थांबलं.

वैजयंती प्रोग्रॅमर होती. दोघांना एकच बातमी दिसावी म्हणून तिने घरच्याच जुन्या लॅपटॉपवर एक साधं वेबपान बनवलं. वर्तमानपत्रांचे पत्ते त्याला द्यायचे. ते ठरावीक वेळाने जाऊन नवं काय आहे ते आणणार आणि वेळेच्या क्रमाने मांडणार. निवड नाही, कोणाची छाप पाठवणं नाही. मग तिने निरंजनला बोलावलं. तो आढेवेढे घेत आला.

पान उघडलं. प्रत्येक वर्तमानपत्राच्या नावाखाली एकच ओळ होती : 'वाचक कोण?'

निरंजनला वाटलं, काही बिघडलंय. तिने तपासलं, सगळं ठीक होतं. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने त्याला समजावलं. एक मूळ बातमी असते आणि तिच्यातून प्रत्येकाची बनते, असं ती धरून चालली होती. मूळ बातमी कोणी लिहितच नव्हतं. चौकशीचा अहवालसुद्धा विचारणाऱ्याची छाप बघूनच तयार होत होता.

"म्हणजे व्हॉल्व्ह बाबांनी उघडा ठेवला की नाही?"

"ते कुठेच लिहिलेलं नाही, दादा."

त्याने खुर्ची लॅपटॉपजवळ ओढली. मग म्हणाला, दोघांची छाप एकत्र घालून बघ. तिने नाइलाजाने घातली. दोघांपैकी कोणालाच खटकणार नाही तेवढंच आता लिहिलं जाणार होतं.

बातमी लगेच आली. कारखान्याचं उत्पादन सुरळीत सुरू होतं. गळती झालीच नव्हती. बाबांचं नाव नव्हतं.

वैजयंती ते पुसायला निघाली. निरंजनने तिचा हात धरला.

"राहू दे. यावरून तरी आपण भांडणार नाही."

आता तो दर रविवारी तिच्याकडे जेवायला येतो. दोघं तेच पान वाचतात, त्यावर गप्पा मारतात. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा त्यानेच चाचरत बाबांचा विषय काढला.

वैजयंतीने त्याच्या पानात भात वाढला. "आज नको ना, दादा," ती म्हणाली. "किती छान चाललंय आपलं."