तिसरा आकडा

"हसा, खुशाल हसा," हेमचंद्र काका म्हणाले. "पस्तीस वर्षं बातमीदारी केली मी. दोन बुवांना पुराव्यानिशी उघडं पाडलंय. भूत असतं असं मी म्हणतच नाही. घडलं ते सांगतो. आणि ज्याच्यामुळे घडलं, त्याचं नाव काढलं की अजून डोकं फिरतं माझं."

सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या त्या इमारतीखाली, दगडी बाकावर, राजस आणि इरा ही दोन तरुण मुलं मोबाइल उलटे ठेवून बसली. काकांनी चष्मा काढला आणि सुरुवात केली.

गेल्या वर्षीची अनंत चतुर्दशी. सहा सप्टेंबर, शनिवार. रात्री आठ चाळीसला याच इमारतीतली कस्तुरी खालच्या दुकानातून पाण्याच्या सहा बाटल्या घेऊन निघाली. दीड-दीड लिटरच्या. प्यायला नव्हे, नवऱ्याच्या सॅकमध्ये वजन म्हणून भरायला.

सिंगापुरात नाव घ्यावं असा डोंगर नाही. मग आल्प्सला जाणारी माणसं इमारतींचे जिने चढतात. पाठीवर सॅक, पायात ट्रेकिंगचे बूट. सोळा मजले वर, लिफ्टने खाली, पुन्हा वर. कस्तुरी आणि यशोधनने लग्नानंतरचे पाच उन्हाळे युरोपच्या डोंगरांत काढले होते. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांचे फोटो पडद्यावर दाखवायचे. लोक तोंडात बोटं घालायचे. पुढच्या शनिवारी दोघं स्लोव्हेनियाला निघणार होते.

त्या फोटोंत ऑस्ट्रियाचे फोटो मात्र एका कडेने कापलेले असत. त्या कडेला अभय होता.

अभय म्हणजे यशोधनचा पुण्यातला मित्र. त्या अनंत चतुर्दशीच्या आधीच्या वर्षी, उन्हाळ्यात, तो या दोघांबरोबर ऑस्ट्रियाला गेला होता. सह्याद्रीतली जुनी सवय तिघांनी तिकडेही पाळली. धुक्यात, रानात पुढच्याने "एक" अशी हाक द्यायची, मधल्याने "दोन", शेवटच्याने "तीन". शेवटचा आकडा आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. कस्तुरी पुढे असायची, यशोधन मध्ये, अभय शेवटी.

खिंडीजवळ ऑगस्टमध्येच हिमवादळ आलं. खाली उतरणारी शेवटची केबल कार पावणेपाचची. कस्तुरीने हाक दिली, "एक!" "दोन!" मग वारा. ती थांबली. आणि धुक्यातून आलं, "तीन!" अभयचा तो नाकातला आवाज. ती निघाली.

अभय तिसऱ्या दिवशी सापडला. खिंडीच्या अलीकडे, एका खडकाखाली बसलेला. आकडा दिल्यावर माणूस उलटा मागे का जाईल, हे कुणालाच कळेना. शेवटी तिथल्या पोलिसांच्या कागदावर आलं: स्वतःच्या निष्काळजीपणामुळे वाट चुकला.

"आणि आमच्या पेपरने ते जसंच्या तसं छापलं!" काकांनी बाकावर हात आपटला. "एकाही गाढवाला प्रश्न पडला नाही! त्याची आई, विमलताई, दर महिन्याला कस्तुरीला फोन करून एकच विचारायची. 'माझ्या पोराने आकडा दिला होता ना ग?' आणि ही बिचारी सांगायची, 'हो आई, मी स्वतः ऐकला.' साक्षीदार ती एकटीच. तिच्या शब्दावर तो मुलगा बेजबाबदार ठरला."

तर त्या रात्री. खाली पत्र्याच्या डब्यात कुणीतरी पितरांसाठी कागद जाळत होतं. चिनी लोकांचा भुतांचा महिना चालू होता. यशोधनने बाटल्या सॅकमध्ये कोंबल्या.

"आज आकडे-बिकडे नकोत," तो म्हणाला. "दोन माणसं, सिमेंटचा जिना. हरवणार कोण?"

"सवय आहे ती."

"तुझी नाटकं आहेत. शेजारी दारं उघडून बघतात."

"बघू देत. तुला लाज कशाची वाटते रे?"

त्याने सॅक पाठीवर चढवली. ती पुढे, तो मागे. चौथा मजला. "एक." खालून, वैतागून, "दोन." आठवा मजला. "एक." "दोन."

उकाडा मरणाचा. दोघं घामाने भिजलेले.

बारावा मजला.

"एक."

"दोन."

"...तीन."

कस्तुरी थांबली. कठड्यावरून खाली वाकली. "यशोधन, शरम आहे का काही? मेलेल्या माणसाची नक्कल करतोस?"

अभयची नक्कल तो हुबेहूब करायचा. अभयसुद्धा पोट धरून हसायचा.

यशोधन सात पायऱ्या खाली उभा होता. ओठ घट्ट मिटलेले. तोंड पांढरं.

"मी नाही बोललो."

"मग कोण?"

"वर चल. आत्ता."

"थांब. मला पुन्हा ऐकायचंय."

"कस्तुरी, नको! पुन्हा हाक देऊ नकोस."

"का?"



तिने त्याच्या तोंडावर नजर रोखली. आणि म्हणाली, "एक."

त्याचे ओठ हलले नाहीत.

"...तीन."

आता जवळून. त्याच्या पाठीमागच्या वळणावरून. नाकातला आवाज, आणि शेवटी किंचित वर चढणारा हेल. तो हेल अभयचा नव्हता. तो नकलेतला होता. खिंडीत वारा होता, म्हणून कळलं नव्हतं. जिन्यात वारा नव्हता.

कस्तुरीने कठडा धरला.

"तो तू होतास. खिंडीत... 'तीन' तू म्हणालास."

"केबल कार सुटली असती! मला वाटलं, येतोय मागून... दोन मिनिटांत येईल..."

"आणि मी त्याच्या आईला वर्षभर..."

"हळू बोल. लोक ऐकतील."

खाली बूट वाजला. एक पायरी. मग थांबला. मग दुसरी.

यशोधनने मागे पाहिलं नाही. हात वर केला. "हात दे. कस्तुरी... थंडी वाजतेय. हात दे."

तिने दिला नाही.

ती वळली. चढत गेली. तेरा. चौदा. पंधरा. मागे बूट वाजत होते. किती जणांचे, ते तिला कळेना. सोळाव्यावर ती वळली. छाती फुटायला आली होती.

"एक..."

काही नाही.

"यशोधन... एक!"

काही नाही...

मग, अगदी शांतपणे,

"तीन."

दोन आलाच नाही.

ती लिफ्टने बाराव्यावर गेली. यशोधन जिन्याच्या चौकात भिंतीला टेकून बसला होता. गुडघे पोटाशी. जिवंत. ओठ निळे. दात वाजत होते. त्याच्याशिवाय तिथे कुणी नव्हतं.

काका थांबले. 

"मग?" इराने विचारलं.

"मग काय! कस्तुरीने त्याच रात्री विमलताईंना फोन लावला. सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, 'मला माहीत होतं. माझा अभय आकडा देऊन मागे फिरणारा नव्हता.' आणि हा शूर गडी? दुसऱ्या दिवशी भानावर आल्यावर सरळ नाकबूल! 'तापात काहीतरी बरळलो असेन' म्हणे. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, तुआसला खोली घेऊन राहतो. कंपनीने दिलेला इथे राहायचा पास जाईल, नाव जाईल, ही त्याची काळजी. मी दोनदा गेलो त्याच्या दारावर. दोन्ही वेळा आतून कडी. त्या माउलीसमोर एकदा तोंडाने खरं बोल म्हणावं. पण नाही!"

"काका, पण प्रूफ काय?" राजस इथल्या पोरांच्या सिंगापुरी ढंगात म्हणाला. "तो आवाज एको असेल, लाह."

काकांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं नाही. हेच जास्त वाईट होतं.

"मीही तेच म्हणालो होतो, बाळा. एको. भास. मनाचे खेळ. तेव्हा कस्तुरीने मला स्वयंपाकघरात नेलं."

त्या रात्री यशोधनची सॅक तिनेच वर आणली होती. उघडली, तर सहाही बाटल्या गोठलेल्या. पाच सकाळपर्यंत वितळल्या. सहावी तिने ओट्यावर, खिडकीपाशी ठेवून दिली. झाकणाचं सीलसुद्धा तुटलेलं नाही.

"परवा मंगळवारी, भर दुपारी, मी हात लावून पाहिला," काका म्हणाले. "बाहेर तेहतीस डिग्री. खिडकीतून ऊन थेट बाटलीवर पडलेलं."

"आणि?"

"अजून बर्फच आहे."