अडतीस घरं आणि एक

व्हॅनिलाचं फूल दुपारपर्यंतच उघडं राहतं, आणि नेमका सकाळीच सोआच्या हातातला लिंबाच्या झाडाचा काटा मोडला.

"घ्या, माझा घ्या," वेलींच्या पलीकडून आवाज आला. वरच्या टेकडीवरचा वेलो होता तो.

"आणि तुमची फुलं?"

"थांबतील."

"फुलं नाही हो थांबत कुणासाठी—"

"मग मी थांबतो!"

असला आगाऊ! सोआ लाजून हसली, आणि प्रेमात फसलीच.

काट्यानं फूल उघडून पराग हातानं लावायचा, मग शेंग पिकायला नऊ महिने वाट बघायची. त्या नऊ महिन्यांत वेलो काही ना काही निमित्त काढून खाली यायचा. कधी जेवणानंतर पितात ते करपलेल्या भाताचं पाणी प्यायला, कधी नुसताच... शेवटी सोआच्या वडिलांनी त्याला बजावलं, "या महिन्यात मानाची मेंढी घेऊन मागणी घाल. नाहीतर साम्बावा शहरातल्या दुकानदाराला मी शब्द देतोय."

गावातल्या अडतीस घरांनी मिळून संघ काढला होता. पूर्वी दलाल दारात येऊन देईल ते घ्यावं लागे. आता शेंगा एकत्र उकडायच्या, एकत्र वाळवायच्या, एकत्र विकायच्या. भाव दुप्पट, शिवाय तंगीत संघाच्या कोठारातला तांदूळ. अट एकच, कच्ची शेंग नको. तिनं अख्ख्या मालाला बुरशी धरते, आणि खरेदीदार एकदा गेला की गेला. कच्च्या शेंगा आणणारा संघातून कायमचा बाहेर.

निवडायला सोआ बसायची. तोडणीच्या दिवशी तिनं ढिगात हात घातला, तर टोकाला जरासुद्धा पिवळेपणा नसलेल्या शेंगा हाती आल्या. अजून दीड महिना तरी वेलीवर हव्या होत्या. चोरी होऊ नये म्हणून इथं प्रत्येक घर शेंगेवर टाचणीनं आपली खूण टोचतं. या शेंगांवर टोचलं होतं— सोआ.

तिचं मन हरखलं, आणि लगेच चरकलं. ती धावतच वाळवणाच्या छपरामागं उभ्या वेलोकडे गेली.

"वेड लागलंय का तुला, वेलो?"

"पुढची तोडणी दीड महिन्यानं. तोवर मेंढीचे पैसे कुठून आणू? तुझे बाबा थांबणारेत का? एकच टोपली आहे गं... कर ना कानाडोळा."

"अडतीस घरं आहेत रे."

"आणि आपलं एक?"

सोआच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती ढिगाकडे परतली.

तोवर संघाच्या प्रमुख बाओमावशींनी ती शेंग उचललीच होती. "कुणाची ही?"

"वेलोची," सोआ म्हणाली.

"माझे काय डोळे फुटलेत? नाव तर तुझं आहे! स्वतःच्या घरचं पाप दुसऱ्याच्या माथी मारतेस?"

ढिगापाशी उभे असलेले सोआचे वडील पांढरेफटक पडले. वेलो दाराशी येऊन उभा होता.

"आमच्या घरची खूण तीन टिंबांची आहे, मावशी. माझं नाव... माझं नाव एकच माणूस टोचेल. त्याचं माझ्यावर प्रेम आहे. आणि माझं— माझंही त्याच्यावर."

कुणीच हसलं नाही. हे तिनं त्याला एकांतातसुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

"माझीच आहे ती, मावशी," वेलो म्हणाला. क्षणभर त्यानं सोआकडे डोळे भरून पाहिलं, मग आपली रिकामी टोपली उचलली आणि टेकडीची वाट धरली.

सोआ चटईवर बसली आणि त्याच्या उरलेल्या शेंगा ढिगातून एकेक करून बाजूला काढू लागली.